सुझूची काळी भांडी आणि पुन्हा पेटणाऱ्या भट्ट्या

जपानच्या मुख्य बेटाचा एक चिंचोळा भाग उत्तरेकडे समुद्रात शिरलेला आहे. हा इशिकावा प्रांतातील नोतो द्वीपकल्प. त्याच्या टोकाशी सुझू हे छोटे शहर वसले आहे. डोंगरउतारावरील भातशेती, कोळ्यांच्या वस्त्या आणि वाळूवर समुद्राचे पाणी शिंपडून मीठ पिकवण्याची प्राचीन पद्धत ही या परिसराची ओळख. मात्र कलाप्रेमी प्रवाशाला येथवर खेचून आणतात ती ‘सुझू-याकी’ या नावाने प्रसिद्ध असलेली काळसर राखाडी मृत्पात्रे.

12 व्या शतकाच्या मध्यापासून येथे रांजण, घट आणि वाटणाची खाचदार भांडी घडवली जात. किनारा जवळ असल्याने ती गलबतांतून उत्तरेस होक्काइदो बेटापर्यंत पोहोचत. वाटेत बुडालेली काही भांडी शतकांनंतर मासेमारीच्या जाळ्यांत सापडली. 15 व्या शतकाच्या अखेरीस मात्र ही परंपरा लोप पावली. सुमारे पाचशे वर्षांच्या खंडानंतर, 1970 च्या दशकात, जुन्या भट्ट्यांचे अवशेष आणि खापरे यांच्या आधारे स्थानिकांनी तिचे पुनरुज्जीवन केले.

या भांड्यांचा काळा रंग कोणत्याही लेपाचा नसतो. सुझूच्या मातीत लोहाचे प्रमाण अधिक असते. लाकडाच्या आचेने भट्टीचे तापमान 1,200 अंश सेल्सिअसच्या आसपास नेले जाते आणि आत प्राणवायू अपुरा राहील अशी व्यवस्था केली जाते. त्यामुळे मातीतील लोह काळपट छटा धारण करते. ज्वाळांबरोबर उडालेली राख भांड्यावर बसून वितळते आणि नैसर्गिक झिलई तयार होते. म्हणूनच एकाच भट्टीतील दोन भांडी कधीही तंतोतंत सारखी नसतात. भांडे हाती घेतल्यास ते सर्व बाजूंनी फिरवून पाहावे. राखेची बाजू आणि तिची मागची बाजू यांतील फरक भट्टीत अग्नी कोणत्या दिशेने वाहिला, हे सांगतो.

या पुनरुज्जीवित परंपरेची कठोर परीक्षा अलीकडेच झाली. मे 2023 च्या भूकंपात अनेक भट्ट्यांची हानी झाली. त्या सावरल्या जात असतानाच 1 जानेवारी 2024 रोजी 7.6 तीव्रतेच्या भूकंपाने नोतो हादरले. दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, हजारो घरे कोसळली आणि विटांच्या भट्ट्याही ढासळल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पुन्हा तडाखा दिला. तरीही कुंभारांनी भट्ट्या नव्याने रचण्यास आरंभ केला.

तोक्योहून कानाझावापर्यंत शिनकानसेन रेल्वेने सुमारे अडीच ते तीन तास लागतात. नोतोची स्थानिक रेल्वे आता आनामिझूपर्यंतच धावते. सुझूकडे जाणारा तिचा पुढचा मार्ग 2005 मध्ये बंद झाला. पुढील प्रवास बस किंवा मोटारीने करावा लागतो. निघण्यापूर्वी रस्ते, निवासव्यवस्था आणि सुझू-याकी संग्रहालय यांच्या सद्यःस्थितीची खातरजमा करणे आवश्यक आहे.

पडझड झालेल्या घरांची छायाचित्रे टिपत फिरणे येथे औचित्याला धरून नाही. स्थानिक निवासात राहणे, तेथील अन्न घेणे आणि कुंभाराकडून थेट एखादा पेला विकत घेणे, हे अधिक उपयोगाचे. एकदा पूर्णतः विझून पुन्हा पेटलेली ही कला टिकायची, तर भट्टीइतकीच तिला घेणाऱ्या हातांचीही गरज आहे.