विलायतेतला जावई आणि निकाहाचा कागद

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सोयरिकीची बोलणी आता अकोला, जालना, औरंगाबादपर्यंत थांबत नाहीत. मुलगा इंग्लंडात नोकरीला आहे, कॅनडात शिकायला गेला आहे, असे बायोडाटे मलकापूर-खामगावच्या घरांतही मोबाईलवर येतात. घरचे लोक पगार विचारतात, खानदान विचारतात, मुलगा नमाजी आहे का विचारतात. हे विचारलेच पाहिजे. पण निकाह कोणत्या देशात होणार आणि त्याची नोंद कुठे होणार, हे विचारणारा बाप आम्हाला क्वचितच भेटतो.

हा प्रश्न किती मोठा आहे, ते लंडनच्या एका खटल्यावरून कळते. १९९८ साली साउथहॉल भागातल्या एका रेस्टॉरंटमध्ये निकाह झाला. इमाम होते, गवाह होते, मेहर ठरला, पाहुणे जेवून गेले. सरकारी नोंदणी नंतर करू असे ठरले होते. बायको आठवण करीत राहिली, नवरा टाळत राहिला. चार मुले झाली. २०१६ मध्ये दोघे वेगळे झाले आणि बायको कोर्टात गेली, तेव्हा नवऱ्याचे म्हणणे आले की कायद्याने आमचे लग्नच झालेले नाही. २०१८ मध्ये एका न्यायाधीशांनी या बाईंना थोडा आधार दिला. हे लग्न रद्दबातल असले तरी तिला पैशांचा दावा करता येईल, असे ते म्हणाले. पण फेब्रुवारी २०२० मध्ये वरच्या कोर्टाने तोही आधार काढून घेतला. कायद्याच्या नजरेत तो समारंभ लग्न या सदरात बसतच नाही, असा निकाल झाला. अठरा वर्षांचा संसार आणि हातात काही नाही!

आपल्याकडे असे का होत नाही? कारण १९३७ च्या शरीअत कायद्यामुळे भारतात ईजाब-कबूल आणि गवाह यांनी झालेला निकाह हेच कायदेशीर लग्न आहे. काझीसाहेबांचे दफ्तर त्याचा पुरावा. इंग्लंडचा १९४९ चा विवाह कायदा वेगळ्या वाटेने जातो. तिथे आधी सरकारी कार्यालयात सूचना द्यावी लागते आणि लग्न मान्यताप्राप्त जागीच, अधिकार असलेल्या माणसासमोर व्हावे लागते. काही मशिदींनी तशी मान्यता घेतली आहे, पण पुष्कळ मशिदींनी घेतलेली नाही. घरात किंवा हॉलमध्ये झालेला निकाह अल्लाहच्या दरबारी निकाहच आहे, पण त्या देशाच्या कोर्टात तो उभा राहत नाही. मग घराचा वाटा, पोटगी, नवऱ्याच्या मागे वारसा, या सगळ्यांवर पाणी पडते. २०१७ मध्ये तिथल्या एका वाहिनीने सुमारे ९०० विवाहित मुस्लिम महिलांची पाहणी केली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींचा फक्त निकाह झाला होता, नोंदणी नव्हती.

यावर आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात, निकाह अल्लाहच्या नावाने झाला, त्याला सरकारच्या कागदाची काय गरज? आम्ही त्यांना अदबीने सूरह बकराची २८२ वी आयत उघडायला सांगतो. ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. लिहिणारा कसा असावा, गवाह किती असावेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतक्या बारकाव्याने ती बोलते. आता उधार मेहर म्हणजे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्जच नाही का? दुकानदाराची उधारी वहीत लिहायची आणि लेकीचा हक्क मात्र तोंडी ठेवायचा, हा कुठला न्याय! लिहिलेला कागद परक्या कोर्टातही बोलतो. भारतात निकाह झालेल्या एका स्त्रीच्या उधार मेहराचा दावा १९६४ साली इंग्लंडच्या कोर्टाने मान्य केला होता. मेहर हा करार आहे आणि तो वसूल होऊ शकतो, असे तिथे ठरले.

परक्या कायद्याखाली राहून दीन कसा सांभाळायचा, हा प्रश्न नवीन नाही. पश्चिमेत राहणाऱ्या मुसलमानांसाठी ताहा जाबिर अल-अलवानी, यूसुफ अल-करजावी यांच्यासारख्या आलिमांनी अल्पसंख्याकांचा फिकह म्हणून एक वेगळी मांडणी केली. १९९७ मध्ये युरोपातल्या उलमांनी फतव्यांसाठी स्वतंत्र कौन्सिल स्थापन केली. पण आपण हिंदुस्तानी मुसलमान या वाटेवर आधीच चाललो आहोत. नवरा बेपत्ता आहे किंवा नांदवत नाही, अशा बायकांना हनफी फिकहमध्ये सुटकेचा मार्ग फार अरुंद होता. काही जणी सुटकेसाठी दीनच सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी फिकहचा आधार घेऊन ‘अल-हीलतुन-नाजिजा’ हे पुस्तक लिहिले आणि पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह-विच्छेद कायदा झाला. तो कायदा उलमांना हवा होता तसा तंतोतंत झाला नाही, ही गोष्ट वेगळी. शाळेत आम्ही हा इतिहास मुलींना सांगतो तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात.

तलाकची गुंतागुंत तर आणखी आहे. इंग्लंडात राहून नवऱ्याने तोंडी किंवा लेखी तलाक दिला, तर तिथला कायदा तो मानत नाही. तिथे कोर्टाचाच हुकूम लागतो. उलट, कोर्टाने घटस्फोट दिला आणि नवरा तलाक देत नाही, अशी बाई शरीअत कौन्सिलकडे जाते. लंडनमध्ये असे कौन्सिल १९८२ पासून आहे, पण त्याला कायद्याचा अधिकार नाही. मग कोर्टाचा घटस्फोट शरीअतला पुरेसा आहे का? युरोपच्या फतवा कौन्सिलचे मत असे की ज्याने त्या देशाच्या कायद्याने लग्न केले, त्याने तिथल्या न्यायाधीशाचा निर्णयही कबूल केला. अनेक हनफी उलमांना हे पटत नाही. वाद चालू आहे. आम्हाला पहिले मत जवळचे वाटते, कारण दुसऱ्या मतात बाई वर्षानुवर्षे अधांतरी लटकते.

आपल्या कोकणातले मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊनमध्ये वसले आहेत. तिथेही केवळ निकाह झालेल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या हक्क नव्हते. महिलांच्या कायदेविषयक संस्थेने खटला लढवला आणि २८ जून २०२२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने अशा बायकांच्या बाजूने निकाल दिला. २०२४ मध्ये घटस्फोटाचा कायदा बदलला. त्याआधी २०१४ मध्ये शंभराहून जास्त इमामांनी सरकारी विवाह अधिकाऱ्याचे प्रशिक्षण घेतले होते. एकाच बैठकीत निकाहही आणि नोंदणीही! इंग्लंडात २०१८ च्या सरकारी समितीने, प्राध्यापक मोना सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखाली, हेच सुचवले: सरकारी लग्न निकाहाच्या आधी किंवा निकाहासोबतच व्हावे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मुलगा विलायतेत असेल तर निकाह शक्यतो इथेच, दोघे हजर असताना करावा. भारतात कायदेशीर झालेले लग्न इंग्लंडात सहसा मानले जाते. मोबाईलवरच्या निकाहाच्या भानगडीत पडू नये. लग्न नेमके कोणत्या देशात झाले, तिथूनच भांडण सुरू होते. निकाह तिकडे करायचाच असेल तर नोंदणीची तारीख आधी ठरवावी आणि मगच रुखसती.

इथे झालेल्या निकाहाची नोंदही महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करून घ्यावी. निकाहनाम्यात नगद मेहर किती, उधार किती, हे आकड्यात आणि अक्षरात लिहावे. तफवीज-ए-तलाकची अट घालायची असेल तर ती दस्तखत होण्यापूर्वीच बोलून घ्यावी. आणि मुलीचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘शबाना परवीन’, आधारवर ‘शबाना बी’ आणि निकाहनाम्यात ‘शब्बो’ असे असू नये. दाखल्यातली नावे दुरुस्त करायला पालक आमच्याकडे येतात ते व्हिसाची तारीख तोंडावर आल्यावर. तेव्हा हेडमास्तरांकडून शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत फेऱ्या सुरू होतात. हे काम मंगनीच्या आठवड्यातच उरकून घ्यावे.