एकट्याच्या गोठ्यात जात टिकत नाही

इंदूरहून महूकडे निघालेल्या प्रवाशास शहराच्या नैर्ऋत्य अंगास राजेंद्रनगर लागते. मराठी कुटुंबांची ही जुनी वसाहत. येथल्या अंगणांतून आजही मराठी बोल कानी पडतात. गोठा मात्र आता शोधूनच काढावा लागेल. तरीही गुरांविषयी बोलावयाचे तर आरंभ येथून करणे उचित होय. कारण इंदुरास १९२४ साली वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली आणि तेथे अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे मराठी सहकारी यशवंत वाड यांनी शेण, गोमूत्राने भिजलेली माती व शेतातील पालापाचोळा यांचे थर रचून, ते परतवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. दोघांचा त्यावरील ग्रंथ १९३१ साली निघाला आणि ती रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. तसेच पुढे महूस गेले की १९५५ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

या पठारावरची गाय ती माळवी. रंगाने पांढरी वा करडी, बांध्याने आटोपशीर. तिचे बैल माळव्याच्या काळ्या चिकण मातीत पिढ्यान् पिढ्या औत ओढीत आले. महू ओलांडून घाट उतरला व नर्मदेच्या खोऱ्यात पाऊल टाकले की गाय बदलते. तेथे तांबड्या अंगावर पांढरे पट्टे असलेली निमाडी दिसते. काठेवाडची गीर आणि आपली खिल्लार यांच्या संकरातून ती निपजली, अशी जाणत्यांची समजूत आहे. म्हणजे केवळ माणसेच दक्षिणेतून नर्मदेकडे आली असे नव्हे, गुरेही आली!

वाचकहो, घाट उतरताच गाय बदलते ही काही केवळ निसर्गाची करणी नव्हे. एखादी जात निर्माण होते व टिकते ती माणसांच्या एकत्र, चिकाटीच्या निवडीमुळे. आणि तुटते तीही माणसांनी एकत्र येणे सोडले म्हणून. पशुपैदासकारांचे मंडळ वर्षभर कोणती कामे करते, व ती कामे केली नाहीत तर काय गमवावे लागते, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

चार जनावरांचा कळप

समजा, एका गावात पन्नास गायी आहेत आणि त्यांना मिळून एक वळू आहे. आपणांस वाटते, कळप एक्कावन्न जनावरांचा झाला. पैदाशीचे शास्त्र म्हणते, नाही! वळूंची संख्या व गायींची संख्या यांचा गुणाकार करावा, त्याची चौपट करावी आणि दोहोंच्या बेरजेने भागावे. जो आकडा येईल तेवढाच रक्ताच्या दृष्टीने खरा कळप. या हिशेबाने आपल्या गावचा कळप जेमतेम चार जनावरांचा ठरतो. कारण जन्मणारे प्रत्येक वासरू एकाच बापाचे. तीन-चार वर्षांत त्या वळूच्या मुली माजावर येऊ लागतात, आणि वळू तोच राहिला तर बाप-लेकीचा संबंध घडून अशक्त, रोगट वा उशिरा गाभण राहणारी प्रजा निपजू लागते. मग घरधनी म्हणतो, ‘आपल्या जातीत आता राम उरला नाही.’ जात बिचारी निर्दोष असते. दोष वळू न बदलण्याचा असतो.

आता अशीच पाच गावे एकत्र आली आणि आपापले पाच वळू सर्वांचे मानून फिरते ठेवू लागली, तर तोच हिशेब सुमारे वीस जनावरांपर्यंत जातो. कोणीही एक पैचे नवे जनावर विकत घेतलेले नाही; केवळ शेजारी शेजाऱ्याशी बोलला. मंडळाची खरी गरज ती हीच. उत्तम गाय एकटा गृहस्थ पाळू शकेल, पण उत्तम जात एकट्याच्या गोठ्यात टिकत नाही.

पोळा ते बेंदूर

अशा मंडळाचे वर्ष पोळ्यापासून मोजणे सोयीचे. श्रावण अमावास्येस बैल सजवून वेशीवर आणले जातात; त्याच दिवशी गावातील सारी गुरे एका दृष्टीत येतात. झुली-घुंगरांचे कौतुक झाल्यावर जाणत्यांनी वही काढावी. कोणाचा गोऱ्हा वळू म्हणून राखण्याजोगा आहे? येथे पुष्कळांची चूक होते. गोऱ्ह्याचे डौलदार शिंग पाहून निवड केली जाते. त्याच्या आईने किती दूध दिले, ती किती वेळा नियमाने व्याली, हे कोणी विचारीत नाही. वळू स्वतः दूध देत नाही, म्हणून त्याची परीक्षा त्याच्या आईत व बहिणींत करावी लागते. जे गोऱ्हे निवडीत उतरत नाहीत त्यांचे खच्चीकरण वेळेवर करून घेणे हेही मंडळाचेच काम. मोकाट फिरणारा एक निकृष्ट पोळ दहा घरांची मेहनत एका हंगामात वाया घालवितो.

आश्विन-कार्तिकात, वसुबारसेच्या सुमारास, गायी व वासरांची गणती करावी. आता सरकारी योजनेत प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारतात. पुष्कळांना तो केवळ सरकारी सोपस्कार वाटतो. वस्तुतः वंशावळ लिहिणाऱ्यास त्यासारखे साधन नाही. ‘कपिला’ नावाच्या गायी गावात सात असतील, पण क्रमांक मात्र एकीचाच असतो. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचावयाची असते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस एकदा द्यावयाची असते. एका घराने लस टाळली तर रोग त्या घराच्या कुंपणाशी थांबत नाही. म्हणून ही तारीख मंडळाने ठरवावी व सर्वांनी पाळावी.

मार्गशीर्ष-पौष हे जत्रांचे दिवस. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी व देवणी गुरे येतात. सातारा जिल्ह्यात पुसेगावास सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार बैलांची रांग लागते. अकोले तालुक्यातील राजूर येथे डांगी गुरांचे प्रदर्शन भरते. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे सह्याद्रीचा मुसळधार पाऊस तिच्या अंगावरून निथळून जातो. हे वैशिष्ट्य प्रदर्शनात पाहिले म्हणजे कळते की जात म्हणजे निव्वळ रंगरूप नव्हे, तर एका भूमीशी जुळलेला देह होय. जत्रेस मंडळाने सहलीसारखे जाऊ नये. कोणत्या गावचा वळू आपणांस उपयोगी पडेल, त्याचे रक्त आपल्याशी किती दूरचे, हे पाहून बोलणी करून यावे. याच दिवसांत, १७ जानेवारीस, मठवासी संत अंतोनीच्या सणाला युरोपातील अनेक खेड्यांत गुरांना आशीर्वाद देतात. आपल्याकडील पोळ्याशी त्याचे नाते सहज जुळते.

माघ-फाल्गुनापासून वासरांचे दिवस येतात. आषाढात फळलेली गाय नऊ महिन्यांवर काही दिवस जाताच चैत्राच्या आसपास विते. जन्मल्यापासून तासा-दोन तासांत वासराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. रोगाला तोंड देण्याची त्याची पहिली शक्ती त्या चिकातच असते. व्यालेल्या गायीचे दूध रोज मोजण्याची गरज नाही. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून तीसने गुणले तरी महिन्याचा पुरेसा अंदाज मिळतो. मात्र मोजणारा घरचा नसावा, शेजारचा असावा. म्हणजे कौतुकाची भर पडत नाही.

चैत्र-वैशाख हे कसोटीचे महिने. कडबा संपत येतो, पाणी आटते, आणि वळू हा कोणाचाच नसल्यामुळे सर्वांत आधी उपाशी राहतो. मंडळ खरे की नुसते नावाचे, याचा निकाल येथे लागतो. प्रत्येक गायीमागे थोडी वर्गणी व दोन पेंढ्या आधीच जमा केल्या असतील तरच वळू तगतो. ज्या वळूस गावात तीन वर्षे झाली त्याची अदलाबदलही याच वेळी करावी. नव्या वळूस आल्याबरोबर कळपात सोडू नये; तीन आठवडे वेगळे बांधून, तपासणी करून मगच सोडावे. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार व प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती. त्या वर्षाचा धडा विसरण्याजोगा नाही.

ज्येष्ठात, पहिल्या पावसापूर्वी, घटसर्प व फऱ्या यांच्या लशी. आणि आषाढात बेंदराच्या सुमारास हिशेब: किती गायी गाभण राहिल्या, किती वासरे जगली, किती दगावली, वर्गणी कोणाकडे तुंबली. दगावलेल्या वासराची नोंद लाजून लपवू नये. पुढच्या वर्षी त्याच वळूची दुसरी वासरे दगावली तर जुन्या पानाशी ताडून पाहता आले पाहिजे.

ज्यांनी वही ठेवली

ही सारी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर सातासमुद्रापलीकडे सापडते. आपल्या सौराष्ट्रातील गीर आणि आंध्रातील ओंगोल ही गुरे ब्राझील देशात गेली. तेथील पैदासकारांनी उबेराबा या गावी मंडळ केले, वंशावळीच्या वह्या ठेविल्या आणि १९३५ पासून तेथे वार्षिक प्रदर्शन भरवीत आले. ओंगोलपासून निघालेली नेलोर जात आज ब्राझीलच्या गोधनाचा कणा आहे, आणि तेथील गीर गायी दुधासाठी नावाजल्या जातात. वळू आपले, गायी आपल्या. वही मात्र त्यांची! डेन्मार्कमध्ये १८९५ साली वेयेन येथील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या गायींचे दूध मोजणारी जगातील पहिली मंडळी स्थापिली. तेही सामान्य शेतकरीच होते.

आपल्या देशातही उदाहरण आहे. कच्छच्या बन्नी भागातील मालधारी म्हशी पाळतात. त्यांनी २००८ साली आपली संघटना बांधली, ते वार्षिक पशुमेळा भरवू लागले, आणि २०१० साली बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. म्हैस तर पूर्वीपासून होतीच. एकत्र उभे राहून ‘ही आमची’ असे सांगणारे मात्र तेव्हा उभे राहिले.

याउलट, पहिल्या पंचवार्षिक योजनेत केंद्रग्राम योजना निघाली. चांगले वळू देणे व निकृष्ट पोळांचे खच्चीकरण करणे हा तिचा हेतू उत्तम होता. परंतु सरकारने दिलेला वळू गावाने आपला मानला नाही तर तो सरकारचाच राहतो, आणि सरकारच्या वळूला चारा कोण घालणार?

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. ज्या घरात मुलांची फी दुधावर भागते, तेथे संकरित गाय अधिक दूध देत असता देशी गाय का ठेवावी? ट्रॅक्टर आल्यावर बैल तरी कशास? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, पोटाचा आहे. आकडेही तेच सांगतात. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गुरे सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ साली ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. त्याच सात वर्षांत देशी गुरांची संख्या सुमारे सहा टक्क्यांनी घटली. माळवीसारखी जात मुख्यतः बैलासाठीच घडविलेली. बैलाची गरज सरली की तिच्या पायाखालची जमीनच सरकते.

संकरित गाय ठेवणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. मात्र उन्हाळ्यात तगणारी, कोरड्या कडब्यावर गुजराण करणारी, पावसात न खचणारी जी शक्ती देशी रक्तात आहे, ती एकदा नाहीशी झाली तर कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही. म्हणून प्रत्येक घराने देशी गाय ठेवावी असा हट्ट नको. प्रत्येक पंचक्रोशीत काही घरांनी ती ठेवावी, निवडीने तिचे दूध वाढवावे, आणि ज्यांनी ठेविली नाही त्यांनी वळूच्या चाऱ्यास हातभार लावावा. ओझे वाटून घेतले तरच ते वाहता येते.

राजेंद्रनगरातून गोठे गेले, ते परत येतील असे नाही. शहर आपल्या वाटेने जाणार. पण घाटाच्या वर माळवी व घाटाच्या खाली निमाडी, सह्याद्रीत डांगी व माणदेशात खिल्लार, ही जी वाटणी आपल्या पूर्वजांनी अक्षरशत्रू असूनही राखली, ती आपण शिकल्या-सवरल्या पिढीने गमवावी काय? पुढच्या पोळ्याला आपल्या गावात बैल सजतील तेव्हा चार शेजाऱ्यांनी दोन रुपयांची फूलमाळ थोडी कमी आणावी आणि त्याऐवजी एक जाड वही आणावी. पहिल्या पानावर आपल्या वळूचे नाव लिहावे, त्याखाली त्याच्या आईचे. ज्याला त्याच्या आईचे नाव ठाऊक नसेल, त्याने ते त्याच दिवशी विचारून घ्यावे. मंडळाची पहिली सभा झाली असे तेव्हाच समजावे.