जुन्या कॉम्प्युटरवर नवे विंडोज : आधी हिशेब बाहेर काढा

दुकानातला कॉम्प्युटर आता गल्ल्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे. गल्ल्यातली रोकड गेली तर किती गेली ते मोजता येते. कॉम्प्युटरमधली उधारी गेली तर किती गेले हेच कळत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. तेव्हापासून अनेक व्यापारी बांधव जुन्याच मशीनवर विंडोज ११ टाकून घेत आहेत. आम्हीही टाकून घेतले आणि पस्तावलो. आमचे नुकसान झाले ते झाले, इतरांचे टळावे म्हणून हे चार शब्द.

काय घडले

आमचे मशीन २०१४ सालचे. मेमरी ४ जीबी, साधी हार्ड डिस्क आणि विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती. त्यावर डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये बनवून घेतलेला हिशेबाचा प्रोग्राम चालत होता. ग्रे कापडाची आवक, थानांचा हिशेब, मागवाल्यांची मजुरी, पार्ट्यांची उधारी, सगळे त्यातच. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने नवे विंडोज टाकून देतो म्हटले. त्याने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या दोन जागांची नक्कल काढली, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि संध्याकाळी मशीन परत दिले.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी दिसल्या. मशीन अतिशय मंद चालत होते. जुना प्रिंटर छापत नव्हता. आणि हिशेबाचे फोल्डर कुठेच नव्हते! ते सी ड्राइव्हवर थेट ठेवलेले होते, त्या दोन जागांत नव्हते. दोष एकट्या त्या तरुणाचा नाही. फोल्डर कुठे आहे हे आम्ही त्याला सांगितले नाही, आणि आमच्या पेन ड्राइव्हवरची नक्कलही तीन आठवड्यांपूर्वीची होती.

बिघाडाची कारणे

विंडोज ११ फक्त ६४ बिटचे असते. ३२ बिटच्या विंडोजवर ते वरच्यावर चढवता येत नाही, नव्यानेच टाकावे लागते. म्हणजे जुने प्रोग्राम जाणारच. शिवाय डॉसचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत आणि ३२ बिटचे प्रिंटर ड्रायव्हरही चालत नाहीत. साध्या मागाचा धोटा शटललेस लूमला निरुपयोगी, तसाच हा प्रकार. म्हणून आधी सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट येथे जाऊन 'सिस्टीम टाइप' पाहावे. तेथे ३२ बिट लिहिले असेल तर थांबावे.

दुसरे कारण मशीनचे वय. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे चालतात. ही तपासणी चुकवून विंडोज टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही. कोअर टू डुओसारख्या फार जुन्या मशीनवर तर २०२४ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही. उलट २०१८ नंतरच्या काही मशीनमध्ये टीपीएम असूनही बायॉसमध्ये बंद ठेवलेले असते. ते चालू केले की काम भागते, नवे मशीन घेण्याची गरज पडत नाही.

बिघाड झाल्यास

पहिली गोष्ट, डेटा दिसत नसेल तर मशीन ताबडतोब बंद करावे. फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरच्या फाइली लगेच पुसल्या जात नाहीत, त्यांच्या जागेवर नवे काही लिहिले गेले की मग त्या जातात. आम्ही दोन दिवस प्रिंटरशी खटपट करत बसलो आणि तेवढ्यात बऱ्याच फाइली खराब झाल्या. एसएसडी डिस्क असेल तर परत मिळण्याची आशा त्याहूनही कमी.

दुसरी गोष्ट, परतीचा दरवाजा. जुने प्रोग्राम व फाइली कायम ठेवून विंडोज १० वरून ११ वर गेला असाल तर १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी येथून मागे फिरता येते. तोवर 'विंडोज ओल्ड' हे फोल्डर पुसू नये आणि डिस्क साफ करण्याच्या फंदात पडू नये. फॉरमॅट केले असेल तर हा दरवाजा बंद.

तिसरी गोष्ट, मंदपणा. पहिल्या दिवशी विंडोज स्वतःचीच कामे करत असते, म्हणून एक दिवस थांबावे. त्यानंतरही मंद असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर पाहावा. डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. मेमरी भरलेली दिसली तर ती ८ जीबी करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला ते समजत नाही.

आधीची खबरदारी

प्रोग्रामवाल्याला विचारून हिशेबाचे फोल्डर नेमके कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवावे. त्याच्या दोन नकला दोन वेगळ्या जागी घ्याव्यात आणि एक नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली एक्सेलमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही उघडतात. मायक्रोसॉफ्टचे खाते स्वतःच्या ई-मेलने उघडावे, दुरुस्तीवाल्याच्या नव्हे. नवे विंडोज डिस्कला कुलूप लावते तेव्हा त्याची किल्ली बहुधा त्याच खात्यात राहते. आणि जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, हे ध्यानात असू द्यावे.

अखेर आम्ही जुन्या मशीनवर पुन्हा ३२ बिटचे विंडोज १० टाकले आणि त्याचे इंटरनेट काढून टाकले. ते आता फक्त जुने हिशेब पाहण्यासाठी आहे. जीएसटी व बँकेची कामे दुसऱ्या, नव्या मशीनवर होतात. दोन मशीनची ही तजवीज आम्हाला स्वस्त पडली.

गेलेले तीन आठवडे आम्ही बिलबुके आणि चलने समोर ठेवून पुन्हा भरले. एका मागवाल्याच्या सात थानांची चिठ्ठी मात्र कुठेच सापडली नाही. त्याने तोंडी सांगितले तेवढी मजुरी आम्ही चुकती केली. नुकसान आमचे असते तर सोसले असते, पण त्याला आमच्या दारात उभे राहून आपल्याच कष्टाचा पुरावा द्यावा लागला, याची शरम अजून वाटते. वहीतला हिशेब ही दोघांची अमानत असते. नवे विंडोज टाकण्यापूर्वी ती सुरक्षित जागी ठेवावी, एवढीच विनंती.