रंधा एकदाच विकला जातो, कानस पुन्हा पुन्हा: ठाण्यातल्या एका कारखान्याकडून शिकण्यासारखं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एक प्रश्न घेतला होता: तुमचा ग्राहक पुन्हा कधी येणार? मशीन घेण्याआधी, गाळा भाड्याने घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवंच. आज तोच प्रश्न आपल्या ठाण्यातल्या एका कारखान्याच्या इतिहासातून समजून घेऊ.

मानपाडा म्हटलं की ठाणेकर घोडबंदर रोडकडे बोट दाखवतो आणि डोंबिवलीकर शिळ रोडकडे. यातल्या कुठल्याही मानपाड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि कानस मागा. ‘जेके’चं नाव ऐकू येण्याची शक्यता मोठी आहे. ही जेकेची कानस मूळची ठाण्याची.

सुटाच्या कापडाची कंपनी कानशीकडे का वळली?

रेमंडची लोकरी कापडाची गिरणी ठाण्यात १९२५ मध्ये उभी राहिली. १९४४ मध्ये ती जेके समूहाच्या सिंघानिया कुटुंबाकडे आली. १९५० च्या सुमारास याच कंपनीने पोलादी कानशी बनवायला सुरुवात केली.

काळ बघा. देश नुकताच स्वतंत्र झालेला, जिकडेतिकडे कारखाने उभे राहत होते. लोखंडाचं काम आलं की कानस आलीच. फिटरला ती लागते, लोहाराला लागते आणि करवतीला धार लावायला सुतारालाही लागते. तोपर्यंत चांगली कानस म्हटली की ती बहुधा परदेशी असायची. म्हणजे गरज इथे होती आणि माल बाहेरून येत होता. ही संधी कंपनीने घेतली.

रंधा आणि कानस यांत फरक काय?

सुताराच्या पेटीत दोन्ही असतात, पण धंदा म्हणून दोन्ही अगदी वेगळे.

आधी रंधा घेऊ. अमेरिकेत लिओनार्ड बेली नावाच्या कारागिराने लोखंडी रंध्यात सुधारणा केल्या. १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीने त्याचे पेटंट हक्क घेतले. ती रचना इतकी पक्की निघाली की आजही बरेचसे लोखंडी रंधे त्याच पद्धतीने बनतात आणि शंभर वर्षांपूर्वीचा रंधाही काम देतो. ग्राहकासाठी ही चैन, पण कारखानदारासाठी अडचण. बाप मुलाला रंधा देऊन जातो, मग मुलगा नवा कशाला घेईल? स्टॅनलीला म्हणूनच क्रमांक १ ते ८ अशा लहानमोठ्या रंध्यांची रांग लावावी लागली आणि बाजारही मोठा धरावा लागला.

कानशीचं उलट आहे. घासता घासता तिचे दाते बोथट होतात. मग ती बाजूला पडते आणि नवी घ्यावी लागते. कानशीची किंमत कमी, पण तिचा ग्राहक परत येतो.

मग कानस सोपी का? अजिबात नाही!

पूर्वी कानशीचा एकेक दाता छिन्नी-हातोडीने पाडत. १८६४ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात विल्यम निकल्सनने यंत्राने दाते पाडणारी कंपनी काढली. पण दाते फारच एकसारखे पडले की कानस धातूवर थरथरते. हातच्या कामात दात्यांचं अंतर थोडं कमीजास्त असायचं, त्यामुळे ती नीट चालायची. शेवटी यंत्रातच तो कमीजास्तपणा मुद्दाम आणावा लागला.

पोलादही नीट सांभाळावं लागतं. आधी तापवून आकार द्यायचा, मग मऊ करून घासायचं, दाते पाडायचे आणि शेवटी पाणी देऊन कडक करायचं. मूठ बसते ते टोक, ज्याला फिटर ‘टँग’ म्हणतात, ते मात्र मऊच ठेवायचं, नाहीतर काम करताना तुटेल.

लक्षात घ्या, ज्याचा ग्राहक परत येतो त्या मालाची परीक्षाही दर वेळी होते. एक लॉट खराब गेला की पुढच्या वेळी तो दुसरं नाव मागतो.

पुढे काय झालं?

कानशीचं उत्पादन रत्नागिरी, चिपळूणपर्यंत गेलं. माल परदेशात जाऊ लागला आणि कंपनी जगातल्या मोठ्या कानस उत्पादकांमध्ये मोजली जाऊ लागली. २०२१ मध्ये रेमंडने या कंपनीचे, तिच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यवसायासह, ८०० कोटी रुपयांपर्यंतचे शेअर विकण्यासाठी सेबीकडे कागदपत्रं दिली. ती विक्री पुढे झाली नाही, पण आकडा बघा. ठाण्यातली कापड गिरणी बंद झाली, त्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, आणि कानशी मात्र आजही विकल्या जातात.

तुम्ही यातून काय घ्यायचं?

१. रंधा विकत असाल तर कानस शोधा. समजा, तुम्ही मॉड्युलर किचन बनवता. ग्राहक दहा-पंधरा वर्षं परत येणार नाही. मग बिजागऱ्या बदलणं, ड्रॉवरचे चॅनेल, पॉलिश अशी वर्षाची देखभाल सेवा जोडा. किंवा फर्निचरवाल्यांच्या ब्लेडला धार लावून द्या. समजा ४० वर्कशॉप, महिन्यातून २ वेळा, दर वेळी ३०० रुपये. महिन्याची विक्री झाली २४,००० रुपये. त्यातून खर्च वजा करा आणि परवडतं का ते बघा.

२. प्रकार वाढवा, पण त्याच ग्राहकासाठी. चपटी, अर्धगोल, गोल, त्रिकोणी. पुन्हा जाड दात्यांची आणि बारीक दात्यांची. एकच फिटर चार कानशी घेतो.

३. उधारीची मर्यादा आधी ठरवा. कमी किमतीच्या मालात पैसा संख्येतून येतो आणि संख्या दुकानदारांमार्फत जाते. दुकानदार उधार मागणारच. रेमंडच्या मागे अख्खी गिरणी उभी होती, तुमच्या मागे घरची बचत आहे. म्हणून आधी चार-पाच किलोमीटरच्या आतली दुकानं पकडा. तिथली वसुली वेळेवर होऊ लागली की मगच पुढे जा.

आता वही काढा आणि मागच्या वर्षभरातल्या किंवा तुमच्या मनातल्या संभाव्य ग्राहकांची यादी करा. प्रत्येक नावापुढे लिहा: हा पुन्हा कधी येईल? निम्म्याहून जास्त नावांपुढे ‘माहीत नाही’ आलं, तर कर्जाचा अर्ज थोडा थांबवा. आधी तुमची कानस शोधा!