जावळ : केस काढावेत, कर्ज काढू नये

बाळ जन्मताना डोक्यावर जे मऊ केस घेऊन येते, त्यांना आपण जावळ म्हणतो. ते पहिल्यांदा उतरविण्याचा दिवस घरात आनंदाचा असतो. आपल्या मुळशी तालुक्यात, पौड-पिरंगुट-घोटावड्याकडे भाताची झोडणी आटोपली की जावळाची आवतणी येऊ लागतात. बाळ मामाच्या मांडीवर बसते, मामा नवे कपडे करतो, पाहुणे जमतात. यात वाईट काहीच नाही.

प्रश्न येतो तो पुढेच. कुळदैवताला केस बोललेले असतात, त्यापाठोपाठ बोकड येतो, गावजेवण येते आणि त्यासाठी उसनवारी होते. पैसे जमेपर्यंत कित्येक आईबाप दोन-तीन वर्षे बाळाच्या केसांना कात्री लावत नाहीत. उन्हाळ्यात घामाने डोक्यावर फोड येतात, पण नवस आडवा येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण बावीस प्रतिज्ञा स्वीकारल्या. प्राणिमात्रांवर दया हा त्यांचा भाग आहे. पंचशीलातील पहिले शीलच प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. मग लेकराच्या नावाने बोकडाच्या मानेवर सुरी कशी चालते, याचा विचार आपणच केला पाहिजे.

न्हाव्याच्या वस्तऱ्यामागे आपल्या समाजाचा एक इतिहास आहे, तोही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्यातील बालपणाची आठवण लिहून ठेवली आहे. गावात न्हावी पुष्कळ होते, घरात पैसेही होते. तरी अस्पृश्याच्या डोक्याला कोणी हात लावीत नसे. म्हणून भावंडांचे केस थोरली बहीणच कापीत असे. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला. आज आपले बाळ सलूनच्या खुर्चीवर ऐटीत बसते, त्यामागे एवढा संघर्ष आहे. हा मान नवसाने मिळालेला नाही.

जावळ काढले की केस दाट येतात, असे आजीबाई सांगतात. तसे होत नाही. केसांची मुळे त्वचेच्या आत असतात आणि ती आईच्या पोटातच तयार झालेली असतात. वरचा केस कापल्याने मुळाला काही कळत नाही. कापलेले टोक बोथट असते, म्हणून हाताला ते राठ लागते, इतकेच. अमेरिकेतील मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीच्या केसांवर प्रयोग करून हे दाखवून दिले.

सिद्धार्थ गौतमाने अनोमा नदीच्या तीरावर केस कापले, असे परंपरा सांगते. ते गृहत्यागाचे चिन्ह होते. भिक्खूचे मुंडण आणि बाळाचे जावळ एक नव्हे. जावळ न काढल्याने कोणताही कोप होत नाही. ते काढावे की नाही आणि केव्हा, हे बाळाच्या सोयीने ठरवावे.

काढायचेच असेल तर काय करावे? घरी किंवा विहारात तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावावी, त्रिशरण-पंचशील घ्यावे. मामाची मांडी आणि नवे कपडे खुशाल असू द्यावेत. मुलगा-मुलगी असा भेद करू नये. पाते नवेच हवे, कारण वापरलेल्या पात्यावरील रक्तातून ब प्रकारची कावीळ आणि एड्सचा विषाणू पसरू शकतो. बाळाची टाळू बहुधा वर्ष-दीड वर्षात भरते. तोवर तेथे दाब देऊ नये. बाळ झोपाळलेले किंवा भुकेलेले असताना बसवू नये. आलेल्या नाभिक बांधवाला योग्य मोबदला देऊन मानाने चहापाणी करावे. ज्यांच्या वाट्याला अपमान आला, त्यांनी तरी कोणाचा अपमान करू नये.

बोकडाचे पैसे वाचले तर ते बाळाच्या नावाने पोस्टात ठेवावेत. केस महिन्याभरात पुन्हा उगवू लागतात. सावकाराचे व्याज मात्र बाळ शाळेत जाऊ लागले तरी फिटत नाही.

जय भीम!