रेल्वे डब्यातील जैव-शौचालय

रेल्वे डब्यातील जैव-शौचालय (बायो-टॉयलेट) म्हणजे प्रवासी डब्याखाली बसवलेल्या बंद टाकीत जिवाणूंच्या साहाय्याने मैल्याचे विघटन करणारी स्वच्छता यंत्रणा होय. भारतीय रेल्वे आणि संरक्षण संशोधन व विकास संस्था (डीआरडीओ) यांनी ती संयुक्तपणे विकसित केली. सियाचीनसारख्या अतिथंड प्रदेशातील सैनिकांसाठी ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेत झालेले संशोधन हा तिचा पाया आहे. या यंत्रणेसाठी लागणारे जिवाणू-द्रावण तयार करण्याचा एक प्रकल्प नागपूरच्या मोतीबाग रेल्वे कारखान्यात उभारण्यात आला.

== पार्श्वभूमी ==
जुन्या पद्धतीच्या शौचालयातून मैला थेट रुळांवर पडत असे. त्यामुळे स्थानकांत दुर्गंधी पसरे, रूळ व त्यांची बंधने गंजत आणि सफाई कामगारांना मैला हाताने उचलावा लागे. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत रेल्वे रुळांवरील अशा कामाचाही समावेश आहे.

== रचना व कार्य ==
शौचकुंडातून मैला वाकड्या नळीवाटे पोलादी टाकीत उतरतो. नळीच्या वळणात साठलेले पाणी टाकीतील वायू डब्यात येऊ देत नाही. टाकीचे कप्पे केलेले असून त्यांत ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू मैल्याचे टप्प्याटप्प्याने विघटन करतात. त्यातून मुख्यतः पाणी, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया केली जाते.

== बिघाड व त्यांचे निदान ==
भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालानुसार, २०१६-१७ मध्ये सुमारे २५ हजार जैव-शौचालयांत १ लाख ९९ हजारांहून अधिक दोष नोंदवले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणे शौचालय तुंबण्याची होती. नेहमीचे बिघाड पुढीलप्रमाणे ओळखता येतात:

* '''शौचकुंडात पाणी साठून राहणे:''' नळीच्या वळणात बाटली, गुटख्याची पुडी, कापड, लंगोट किंवा सॅनिटरी पॅड अडकल्याचे हे लक्षण असते. जिवाणू प्लास्टिक पचवू शकत नाहीत. त्यामुळे अशी वस्तू बाहेर काढणे हाच उपाय असतो. जास्त पाणी ओतल्यास ती आणखी आत सरकू शकते.
* '''पाणी वाहून जाते, पण दुर्गंधी येते:''' प्रथम वळणातील पाणी टिकते का, हे तपासतात. डब्यातील पाणी संपले असेल, तर वळण कोरडे पडून वायू वर येतो. पाणी पुरेसे असल्यास टाकीतील जिवाणू क्षीण झाल्याचा संशय घेतात.
* '''बाहेर पडणारे पाणी गढूळ असणे किंवा त्यात घन मैला दिसणे:''' विघटन अपुरे होत आहे. तीव्र आम्ल किंवा फिनाईल वापरल्याने जिवाणू मरतात. अशा वेळी टाकीत नवे जिवाणू-द्रावण भरावे लागते.
* '''झडप पूर्ण बंद न होणे:''' झडपेत वस्तू अडकलेली असते किंवा ती चालवणारी तार तुटलेली असते. दोन्ही गोष्टी तपासल्याविना झडप जोराने फिरवल्यास बिघाड वाढतो.

बंद जागेतील इतर शौचालयांतही तुंबण्याचा प्रश्न येतो; मात्र त्याची कारणे वेगळी असू शकतात. जुन्या शिडाच्या नौकांवर समुद्राच्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचालयाच्या नळ्यांत क्षारांचा थर साचून मार्ग अरुंद होतो. रेल्वेत मात्र अडथळा बहुधा प्रवाशाने टाकलेल्या वस्तूचा असतो.

== नागपूरशी संबंध ==
मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्ही विभागीय रेल्वेंची मंडल कार्यालये नागपुरात आहेत. मोतीबाग कारखाना दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा असून तो पूर्वी नॅरोगेज गाड्यांच्या देखभालीसाठी ओळखला जात असे. येथील प्रकल्पात वाढवलेले जिवाणू-द्रावण टाक्यांत भरण्यासाठी वापरले जाते. टाकीतील जिवाणू टिकून राहिले, तरच यंत्रणा अपेक्षित काम करते.

== मर्यादा ==
या यंत्रणेचे यश टाकीइतकेच वापरावर अवलंबून आहे. शौचालयात कचरापेटी नसेल, तर वस्तू कुंडातच टाकली जाण्याची शक्यता वाढते. तुंबलेली नळी मोकळी करताना कर्मचाऱ्याचा पुन्हा मैल्याशी संबंध येतो. त्यामुळे कचरापेटी, पुरेसे पाणी, सौम्य साफसफाईची द्रव्ये आणि हातमोज्यांसह योग्य साधने यांची व्यवस्था असणे हा या यंत्रणेच्या देखभालीचा आवश्यक भाग ठरतो.