मेघांना मिठाची मात्रा

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात पावसाळ्यात ढगांची वाण असते असे नाही. मोसमी वाऱ्यांबरोबर आलेले ढग दिवसच्या दिवस डोक्यावरून जातात. पण पुष्कळसे न बरसताच. पेरणी आटोपून बसलेल्या शेतकऱ्यास निरभ्र आकाशापेक्षा असे आकाश अधिक जाचते.

ढगातील जलकणाचा व्यास मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. दोन मिलिमीटर व्यासाचा एक थेंब होण्यास असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. सारख्या आकाराचे कण एकाच संथ गतीने तरंगतात व परस्परांवर क्वचितच आदळतात. त्यांत काही मोठे कण असले, की ते वेगाने खाली येताना लहानांना सामावून घेतात. मिठाचे कार्य येथेच आहे. पावसाळ्यात घरातील मीठ ओलावते, तद्वतच ढगात सोडलेला मिठाचा कण बाष्प शोषून फुगतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील ११ पावसाळ्यांत बारामती परिसरात, ४,८०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर, हा प्रयोग केला. विमान ढगाच्या तळापासून २०० ते ३०० मीटर वर ढगात शिरे आणि मिठाची बारीक पूड सोडी. परंतु पाऊस मिठामुळे पडला की आपसूक, हे ओळखावे कसे? त्यासाठी क्षेत्राचे दोन भाग करून मधे पट्टा मोकळा ठेवला होता. मीठ कोणत्या भागात सोडावयाचे, हे चिठ्ठी टाकावी तसे यदृच्छया ठरे. दुसऱ्या भागातील पाऊस तुलनेस घेतला जाई. या दक्षतेमुळेच प्रयोगाच्या निष्कर्षांना मोल आहे.

एक किलोमीटरहून अधिक जाडीच्या आणि दर घनमीटरमागे अर्ध्या ग्रॅमहून अधिक पाणी असलेल्या ढगांत मीठ सोडल्यावर पाऊस २४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पातळ ढग मात्र मीठ पडताच विरून जाण्याकडे झुकले! म्हणजे अयोग्य ढगावरील फवारणी वाया तर जातेच, शिवाय हाती असलेला ढगही गमावण्याचा संभव असतो.

त्याच संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळून नव्याने प्रयोग केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसली.

कृत्रिम पावसाची मागणी अवर्षणाच्या वर्षी सर्वाधिक होते. नेमके त्याच वर्षी जाड, पाणीदार ढग विरळ असतात. मीठ नवा ढग निर्माण करीत नाही. म्हणून विमान सज्ज ठेवावयाचे ते पाऊस लांबल्यावर नव्हे, तर ढग असताना.